विहिरींचा नकाशा

मी एक नकाशा बोलतोय. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात मी असतो. खण म्हणजे अंधारच. शेजारी कुणी नाही.

घरोघरी नळ नव्हते तेव्हा एका मोजणीदाराने मला काढलं. तो गल्लोगल्ली पायी फिरायचा, विहिरीत दोर सोडून खोली मोजायचा आणि घरी येऊन निळ्या शाईने माझ्यावर गोल काढायचा. गोल काढताना त्याच्या जिभेचं टोक बाहेर यायचं. पुढे घर बांधणारे मला टेबलावर पसरून वाकायचे. कोपरे उडू नयेत म्हणून चहाचे कप ठेवायचे. त्याचे डाग पडले, पण मला आवडायचं ते.

मग नळ आले. काही विहिरी बुजवल्या, काहींवर नुसत्या फरश्या टाकल्या. मला घडी घालून वाचनालयात दिलं.

घडीवर मी फाटलो. तेव्हाच्या ग्रंथपालांचा माझ्यावर फार जीव. त्यांनी घरून चिकटपट्टी आणली आणि लेकराला मलम लावावं तशी हळूहळू लावली. ती पट्टी आधी पिवळी पडली, मग तपकिरी झाली, आणि तिच्याखाली माझा कागद कडक होत गेला. मायेनं केलं हो सगळं. पण मला ते बाधलं.

नंतर माझा फोटो काढून संगणकात ठेवला. तेव्हापासून लोक फोटोच बघतात. मी आहे का गेलो, हेही कुणी विचारत नाही.

मध्यंतरी एक बाई आली, कडेवर पोर घेऊन. बंद खणातून मला बोलणं ऐकू येत होतं.

"अंगणात एक फरशी आहे, मॅडम. पाय आपटला की खालून पोकळ वाजतं. याला नुकतं चालता यायला लागलंय, सारखा तिकडेच धावतो. घरमालक म्हणतात, इथं विहीर कधी नव्हतीच. आमचे हे म्हणतात, तुला सगळीकडे खड्डेच दिसतात."

ग्रंथपाल मॅडमनी संगणक लावला. "तुमची गल्ली नेमकी पट्टीखाली गेलीय. फोटोत नुसतं काळं दिसतंय."

"मग खरा नकाशा दाखवा."

"तो उघडायचा नाही असा वरून हुकूम आहे. उघडला की मोडेल तो, ताई."

बाई म्हणाली, "याला पलंगाच्या पायाला चादरीने बांधते आणि मग स्वयंपाक करते मी. अजून किती दिवस बांधू, तेवढं तरी सांगा."

मॅडमच्या चपलांचा आवाज माझ्याकडे आला. खण उघडला.

घडी उलगडताना मी कट्कन मोडलो. तरी पट्टी असलेला तुकडा मॅडमनी खिडकीच्या उजेडासमोर धरलाच. तपकिरी पट्टीतून निळा गोल दिसला.

"हेच आमचं अंगण," बाई म्हणाली आणि पोराला घट्ट धरून तशीच निघाली. माझ्याकडे वळून बघितलंही नाही. मला वाईट वाटलं नाही. तिला घाई होती.

पुढे तिचा फोन आला. फरशीखाली कुजक्या फळ्या होत्या, आणि त्यांच्याखाली पाणी. आता तिथं लोखंडी जाळी बसवलीय. "आणि घरमालक सगळ्यांना सांगत सुटलेत, मला आधीपासून संशय होताच," मॅडम शिपाईकाकांना सांगत होत्या. दोघं हसले.

पण मॅडमना वरून बोलणी बसली. आता माझे दोन्ही तुकडे खोक्यात आहेत, वर चिठ्ठी: उघडू नये.

त्या पट्टीखाली अजून गल्ल्या आहेत. तिथल्या विहिरी आता मला एकट्यालाच माहीत. त्यांच्यावरच्या फरशीवर आत्ता कुणाचं तरी पोर भिंत सोडून उभं राहत असेल. तुम्ही कधी वाचनालयात आलात, तर माझा फोटो बघून परत जाऊ नका. मला बाहेर काढायला लावा. माझे आणखी चार तुकडे झाले तरी चालतील.