पाठ नसलेले कपाट

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे आणि मला पाठ नाही. हसू नका. दोन दारे, चार कप्पे, तळाशी एक मोठा खण, सगळे आहे. फक्त मागची फळी नाही. ज्या सुताराने मला घडवले तो हाताचा कसबी, पण लाकडाच्या बाबतीत महाचिकट. "भिंतीलाच लावून ठेवायचंय ना? मग भिंत हीच पाठ," असे म्हणून त्याने एक फळी वाचवली आणि मोकळा झाला. त्याच्या या काटकसरीपायी मी काय काय पाहिले ते तुम्हाला सांगायचे आहे. तुम्ही उद्या मोठे व्हाल, स्वतःचे पहिले घर घ्यायला निघाल. त्याआधी माझे एवढे ऐकून ठेवा.

मला विकत घेतले एका घड्याळे दुरुस्त करणाऱ्याने. त्याने आणि त्याच्या बायकोने नुकतेच दोन खोल्यांचे घर घेतले होते. माणूस भारी काटेकोर. घर घेण्याआधी तो तिथे चार वेळा जाऊन आला होता. नळाला पाणी किती वाजता येते, दुकान किती मिनिटांवर आहे, खिडकीत ऊन किती वेळ राहते, सगळे त्याने मनगटावरच्या घड्याळाने मोजले होते. आतल्या खोलीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे न्हाणीघर आहे, हेही त्याला माहीत होते. पण भिंतीला हात लावून पाहावे, हे काही त्याला सुचले नाही.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. येणारेजाणारे माझे तोंड भरून कौतुक करत. त्या दोघांना एक मुलगी होती. सापडेल ती वस्तू माझ्या तळाच्या खणात नेऊन दडवायची, म्हणून तिला सगळे खारुताई म्हणत. बटणे, खडू, घड्याळांचे मोडके काटे, एकदा तर बापाचे भिंग. त्या दिवशी घरात शोधाशोध झाली आणि ही बाई माझ्यात बसून खुदुखुदु हसत होती. लपाछपी खेळताना ती त्याच खणात शिरायची. बाप माझ्यासमोर डोळे मिटून बसायचा आणि वीसपर्यंत आकडे मोजायचा. तेवढा वेळ तिचा श्वास माझ्या फळ्यांवर आदळत राहायचा. दर वाढदिवसाला तो तिला माझ्या डाव्या दाराशी उभी करून आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारायचा. अशा पाच रेघा झाल्या.

मग भिंतीला ओल आली. मला पाठ नाही, त्यामुळे ती सगळ्यात आधी मला कळली. माझे लाकूड फुगू लागले, दारे लागेनाशी झाली. सुताराला बोलावले, तर स्वतःची चूक विसरून तो मलाच नावे ठेवू लागला. "लाकूडच कच्चं निघालं," म्हणाला आणि दारांवर रंधा मारून गेला. महिन्याभरात दारे पुन्हा अडकली. मित्रांनो, मला बोलता येत नाही. फुगणे एवढीच माझी भाषा. ती कोणालाच समजली नाही याचे दुःख मला आजही आहे.

खारुताईचे अंथरूण माझ्याशेजारी, त्याच भिंतीला लागून असायचे. तिला खोकला झाला. औषधाने थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एकदा डॉक्टर घरी आले तेव्हा त्यांनी विचारले, "घरात ओल आहे का?"

"थोडीशी आहे," बाप म्हणाला, "सगळ्यांच्याच घरात असते."

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीला पांढरा रंग दिला. भिंत स्वच्छ दिसू लागली आणि सगळ्यांना बरे वाटले. त्या वर्षी सहावी रेघ मारायला खारुताई राहिली नाही. दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही.

त्यानंतर त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आईने तळाचा खण उघडणे सोडून दिले. बटणे, खडू आतच राहिले. पण खण रिकामा आहे असे मला कधी वाटले नाही. भर दुपारी, सगळे सामसूम असताना, मला आत बारीक खोकला ऐकू यायचा. लाकूड वाजते तसा नव्हे. लाकडाचा आवाज मला चांगला ठाऊक आहे. तो बापालाही ऐकू येत असावा. कारण कधी कधी तो दुकानातून अवेळी घरी यायचा, माझ्यासमोर बसायचा, डोळे मिटायचा आणि हलक्या आवाजात वीसपर्यंत आकडे मोजायचा. विसावर येऊन थांबायचा. दार मात्र उघडायचा नाही.

शेवटी त्यांनी घर विकायचे ठरवले. पहिले गिऱ्हाईक वास घेऊन, नाक मुरडून परत गेले. तेव्हा बापाने भिंतीला पुन्हा रंग दिला, मला ढकलत बरोबर डागापुढे आणून उभे केले आणि माझ्यात घोंगड्या ठासून भरल्या. तो वाईट माणूस नव्हता हो. त्याला त्या घरात श्वास घेववत नव्हता, एवढेच. पण त्याने माझा आडोसा केला आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

एके दिवशी सकाळी दलाल एका कुटुंबाला घेऊन आला. नवरा बस चालवायचा, बायको लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. बरोबर त्यांची लहान मुलगी होती. आजवर भाड्याच्या एका खोलीत राहिलेली ही माणसे. दोन खोल्या पाहूनच हरखून गेली.

"हवा बघा, उजेड बघा!" दलाल सांगत होता. "ताई, आज हो म्हणा. उद्या विचाराल तर हातचं गेलेलं असेल."

"अगं, इथून डेपो चालत दहा मिनिटं," नवरा म्हणाला. "आणखी काय हवं आपल्याला?"

बायकोने हसून मान हलवली. मला तर घामच फुटला असता. कारण तेवढ्यात त्यांची मुलगी अर्धवट उघड्या दारातून माझ्या तळाच्या खणात शिरली होती आणि तिने दार आतून ओढून घेतले होते. घोंगड्यांमागे सरकत सरकत ती थेट भिंतीला टेकून बसली, आणि खोकली.

तोच खोकला. तिच्या आईने हाक मारली, दार ओढले, आणि फुगलेले दार अडकले. दुसऱ्यांदा ओढले, तरी उघडेना. तिसऱ्या हिसक्याला मुलगी बाहेर आली. तिचा फ्रॉक झटकायला आईने पाठीवर हात फिरवला आणि तो हात तिथेच थांबला. तिने फ्रॉकचा घोळ उचलून स्वतःच्या गालाला लावला. इस्त्री करणारी माणसे कपडा वाळलाय की नाही ते असेच पाहतात.

"हा ओला आहे," ती म्हणाली.

"लहान मूल आहे, सांडलं असेल काहीतरी," दलाल म्हणाला.

"दादा, दिवसाला दोनशे कपडे जातात या हातांखालून. सांडलेलं पाणी मला कळतं. ही ओल भिंतीची आहे. कपाट सरकवा."

"फार जड आहे ते," खारुताईचा बाप घाईने म्हणाला. "हलायचं नाही."

तेव्हा स्वयंपाकघरातून खारुताईची आई बाहेर आली. इतका वेळ ती तिथे नुसती उभी होती. तिने पदर खोचला आणि मला खांदा लावला.

"अगं, नको," बाप म्हणाला.

"एकदा गप्प बसलो आपण. आता पुरे."

मी सरकलो. आयुष्यात इतका हलका मी कधी झालो नव्हतो. मागे नव्या रंगाचे पोपडे लोंबत होते आणि त्यांखाली काळी बुरशी छतापर्यंत चढली होती.

"आमची मुलगी इथे झोपायची," ती म्हणाली.

इस्त्रीवालीची नजर माझ्या उघड्या दारावरच्या पाच रेघांवर गेली. पाचवीच्या वर कोरे लाकूड होते. तिने मुलीला उचलून कडेवर घेतले. खारुताईचा बाप मात्र खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. "मी सगळं बघितलं होतं हो," तो म्हणत होता. "मिनिटं मोजून बघितलं होतं. नुसता हात लावून बघितला नाही."

तो सौदा अर्थातच मोडला. नंतर खारुताईच्या आईबापाने भिंत फोडून घेतली. आत शेजाऱ्यांच्या न्हाणीघराचा फुटका नळ निघाला. दुरुस्तीला फक्त दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत बाप घरात थांबू शकला नाही. पुढे घर पाहायला जो कोणी आला, त्याला खारुताईच्या आईने आधी ती भिंत दाखवली आणि मग बाकीचे घर.

मी भंगारात जाणार होतो. पण इस्त्रीवालीनेच मला मागून घेतले. तिला तोवर घर मिळाले होते. जरा लांब, जरा लहान. पण तिथल्या प्रत्येक भिंतीवरून तिने सावकाश हात फिरवला होता, आणि एकदा नव्हे, उन्हात एकदा आणि पावसात एकदा. नवरा मला मागची फळी ठोकायला निघाला, तर ती म्हणाली, "अहो, राहू द्या. भिंत दिसलेली बरी." दर आठवड्याला ती माझ्यातून हात घालून भिंत चाचपते. रेघाही तिने पुसू दिल्या नाहीत. परवा तिच्या मुलीला त्याच दाराशी उभी केली. सहावी रेघ पाचवीच्या दोन बोटे वर आली. ती बघायला खारुताईची आई मुद्दाम आली होती. तिने त्या दोन बोटांच्या जागेवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, घर पाहायला गेलात की कपाट सरकवायला लाजू नका. एखादे दार अडकत असेल तर त्याच्यावर रागावू नका, ते काय सांगते आहे ते विचारा. आणि मोठी माणसे उजेड, वारा बघण्यात गुंग असतील, तर तुम्ही खुशाल भिंतीला पाठ टेकून बसा आणि काय जाणवते ते मोठ्याने सांगा. कदाचित रागावतील. तरीही सांगा.

आता ती मुलगी रोज माझ्या खणात लपते. बाहेर तिचा बाप वीसपर्यंत आकडे मोजतो आणि आत मी श्वास मोजतो. एक तिचा, कोरडा आणि मोकळा. आणि अगदी तिला खेटून दुसरा, तोही आता खोकत नाही.