एकादशीला मला उचलून नेलं

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझ्या दोन पट्ट्या मुक्या आहेत. त्या कशा मुक्या झाल्या, तेच आज सांगते.

दिल्लीतल्या एका कारागिराने मला घडवलं आणि गाझियाबादच्या विष्णूकाकांनी पहिल्या पगारातून घरी आणलं. दर एकादशीला त्यांच्या फ्लॅटमध्ये कीर्तन व्हायचं. कीर्तनकार वैजयंतीबाई उभ्या राहून आख्यान लावायच्या, काका मला वाजवायचे. डोळे भरून यायचे हो ऐकणाऱ्यांचे! त्या घराची एक रीत होती. कीर्तनाला जो दाराशी येईल, त्याच्या कपाळी बुक्का लावायचा आणि सतरंजीवर जागा द्यायची. कोण, कुठला, विचारायचं नाही.

पुढे काका नोकरीला होते तो कारखाना बंद पडला आणि बँकेचे हप्ते थकले. वसुलीवाल्यांचे फोन पहाटेपासून घणघणत. शेजाऱ्यांकडेही जात.

अशाच एका एकादशीला दोन अनोळखी माणसं आली. काकांनी रीतीप्रमाणे बुक्का लावला, बसवलं. अभंग रंगात आला आणि त्यांतला एक उठला.

"वाह अंकल! किस्त भरने को पैसे नहीं, और यहाँ भजन चल रहा है? चलो, ये बाजा हम ले जाते हैं."

टाळ थांबले. "भैया, देवाची आहे हो ती," काकांच्या पत्नी अरुणाकाकू रडत मराठीतच विनवत राहिल्या. तुम्हाला कोणी पाठवलं, असं एकानेही विचारलं नाही. काकांनी तर त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरलं! आपली लाज लवकर खाली जावी म्हणून.

वसुलीवाल्यांच्या एका गोदामात मी पडले. आजूबाजूला कोणाकोणाच्या स्कूटर, टीव्ही. ओलीने माझे दोन सूर गंजले. तिकडे काकांनी अन्न टाकलं होतं. "मी नसतो तर बरं झालं असतं," असं ते बोलू लागले, तेव्हा काकू घाबरून वैजयंतीबाईंकडे धावल्या.

पत्ता काढून बाई काकांचा हात धरून गोदामात आल्या आणि त्या दोघांसमोर उभ्या राहिल्या.

"बेटा, जब्ती का कागज दिखाओ."

"माताजी, कर्जा लिया है इन्होंने."

"कर्जा लिया है, चोरी नहीं की. कोर्ट का आदेश? बैंक की चिट्ठी? तुम्हारा पहचानपत्र?"

त्यांच्याकडे काहीच नव्हतं. बाई काकांकडे वळल्या. "विष्णू, तीस वर्षं बँकेत काढून त्या दिवशी मीही गप्प बसले. चुकलंच माझं. चल, लेखी तक्रार करू."

बँकेला पत्र गेलं, बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या बँकिंग लोकपालाकडे जायची तयारी झाली, आणि महिन्याने मी घरी आले.

पुढच्या एकादशीला ऐन कीर्तनात बेल वाजली. माझ्या भात्यावरचा हात काढून काका उठले. दारात बँकेचा नवा माणूस.

"पहले पहचानपत्र और चिट्ठी," काका म्हणाले. आवाज कापत होता, पण म्हणाले. दोन्ही कागद नीट वाचून त्यांनी त्याच्या कपाळी बुक्का लावला. "आइए. कीर्तन के बाद किस्त की बात करेंगे."

मित्रांनो, कर्ज अजून फिटलेलं नाही. ते फेडायचंच आहे. पण कर्जदार म्हणजे गुन्हेगार नव्हे. तुमच्या घरी असं कोणी आलं, तर तुमच्या बाबांना एकटं सोडू नका. कागद मागा. आणि कृपा करून लिफ्टचं दार धरू नका.