पुऱ्या लांबीचा दोर

मी एक जुना दोर आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. मी विहिरीवरचा नाही, झोपाळ्याचा नाही आणि कपडे वाळत घालायचाही नाही. त्या शेवटच्या कामापासून मात्र मी अगदी थोडक्यात वाचलो, ते पुढे सांगतोच. मी पाण्यावरून माणूस ओढणारा दोर आहे. पुढे बोट, मागे स्कीवर उभा असलेला खेळाडू आणि मध्ये मी.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण विणून होताच मला पिशवीत कोंबलं. पिशवी उघडली ती थेट आंबेखोलच्या तलावावर. कोल्हापूरहून राधानगरीच्या रस्त्याने तासभर गेलं की हा तलाव लागतो. काठावर पत्र्याचं बोटघर आहे, आणि त्यात वॉटरस्कीइंगचा एक छोटासा क्लब आहे.

आमचा खेळ स्लॅलमचा. बोट तलावाच्या मधोमध सरळ धावते. तिच्या वाटेच्या दोन्ही अंगांना मिळून सहा लाल बोये तरंगत असतात. बोया म्हणजे हवा भरून तळाशी बांधून ठेवलेला गोळा. मला धरलेल्या खेळाडूने आधी दोन बोयांच्या दारातून आत शिरायचं आणि मग एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला वळत सहाही बोये बाहेरच्या बाजूने घ्यायचे. जितके बोये, तितके गुण. सहा जमले की बोटीचा वेग वाढवतात. वेग हद्दीला पोचला की मला आखूड करतात.

आखूड म्हणजे कापून नव्हे हं! माझ्या अंगावर ठरावीक अंतरांवर रंगीत फासे आहेत. बोटीतल्या खांबाला पुढचा फासा अडकवला की मी तेवढा कमी होतो, आणि बोये गाठायला खेळाडूला जास्त झुकावं लागतं. खेळाडू जितका तयारीचा, तितका मी आखूड. पहिल्यांदा मला हे फार लागलं. माणूस मोठा होतो आणि मी लहान होतो, हा कुठला न्याय? पण हळूहळू मला त्याचाच तोरा चढला. राजवर्धन नावाच्या आमच्या खेळाडूने मला चार फासे आखूड करून बक्षीस मिळवलं, तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत तो पूर्ण होता आणि मी अर्धा होतो, तरी मी फुगलोच.

त्या दिवसांत माझा लांबचा, पहिला भाग कुणी वापरतच नव्हतं. तो बोटीत पायांखाली गोळा होऊन पडायचा. क्लबात येणारे सगळे आधीच तयार, सगळे एकमेकांचे चुलतभाऊ नाहीतर मित्र. नवीन कोण येणार? काठावर म्हशी राखणारी माणसं रोज बघायची, पण त्यांना कुणी हाक मारली नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कधी ते सुचलं नाही.

सहा वर्षांत मी ताणलो. मापात चार बोटं वाढलो. आखूड फाशांवर खेळणाऱ्याला चार बोटं म्हणजे फार. नवा दोर आला आणि मी बोटघरात खुंटीवर गेलो.

खुंटीशेजारी क्लबचा विजेत्यांचा फलक होता. त्यावर पुरुषांचा रकाना नावांनी भरलेला आणि महिलांचा रकाना कोरा. त्या कोऱ्या जागेत एका पालीने कायमचा मुक्काम ठोकला होता. प्रियदर्शनी आत आली की तिची नजर पहिली तिकडे जायची.

प्रियदर्शनी इचलकरंजीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. दर रविवारी उजाडायच्या आत गाडीला किक मारून ती तलावावर हजर. क्लबातली ती एकटीच बाई, आणि खेळात कुणाला हार जाणारी नव्हे. पण स्पर्धेच्या दिवशी तिला फक्त दाखवायला म्हणून एक फेरी मिळायची. तिचे बोये कुणी मोजतच नसे. एका रविवारी माझ्या खुंटीखालीच तिने क्लबचे अध्यक्ष उदयसिंह यांना गाठलं.

"दादा, यंदा महिलांचा गट धरायचा."

"एकटीचा गट कसा हुईल गं? नियमाला तीन बायका लागत्यात. तू आपली फेरी मार की. लोकं टाळ्या वाजवत्यात."

"टाळ्या चार वर्षं ऐकल्या, दादा. मला गुण पायजेत."

उदयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता, फक्त सवयीचा होता. "मग आण अजून दोघी. पण नुसती नावं नगोत. तिघींनी दारातनं आत यायचं, प्रत्येकीनं निदान एक बोया वळायचा. तर गट मान्य आणि तर फलकावर नावं. संक्रांत झाली की पहिल्या रविवारी स्पर्धा हाय."

हातात दोन महिने होते. प्रियदर्शनी आता रविवारखेरीज शाळेला रजा टाकूनही तलावावर येऊ लागली. प्रियदर्शनीने शाळेतल्या बाया विचारल्या, मामेबहिणी विचारल्या. कुणाला ऊन नको होतं, कुणाला सासूची परवानगी नव्हती. शेवटी कोल्हापुरातल्या श्यामलाताई तयार झाल्या. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या आणि रोज सकाळी तिथल्या जलतरण तलावात पोहणाऱ्या. "मी साठीला आलेय, प्रियदर्शनी. पडले तर हसायचं नाही," त्या म्हणाल्या. "हसणार, पण बाहेरही काढणार," ही म्हणाली. झाल्या दोघी. तिसरी काही मिळेना.

याच सुमारास माझ्यावर संकट आलं. बोटघर सांभाळणाऱ्या ज्ञानूने मला खुंटीवरून काढलं आणि काठावरच्या बनाबाईच्या हातात दिलं. "घे की म्हशीला दावं करायला. तुटायचा न्हाय," म्हणाला. बनाबाई आंबेखोलची. दोन म्हशी, चार वासरं आणि पंचेचाळिशीतले दणकट हात. तिने मला उलटंपालटं करून बघितलं आणि माझे तीन तुकडे करायचं ठरवलं: एक मोरी नावाच्या म्हशीला, एक वासराला आणि उरलेला कपडे वाळत घालायला. कोयता उद्या घरून आणू म्हणून तिने आजच्यापुरतं माझं एक टोक मोरीच्या गळ्यात बांधलं. मित्रांनो, विजेत्याचा दोर मी, आणि शेवट हा! मला रडू आलं असतं, पण दोर रडत नाहीत.

तेवढ्यात प्रियदर्शनी मलाच शोधत धावत आली. नवा दोर नवशिक्यांच्या हाती द्यायला क्लब तयार नव्हता, म्हणून श्यामलाताईंसाठी तिला मी हवा होतो. ती हाक मारणार, इतक्यात बोटीचं इंजिन भडकन सुरू झालं आणि मोरी बुजली. शेपूट वर करून निघाली की उसाकडे! दुसऱ्या टोकाला बनाबाई. तिने टाचा रोवल्या, गुडघे वाकवले, हात सरळ ठेवले आणि सगळं अंग मागे टाकलं. वीस पावलं ती तशीच घसरत गेली, पण कमरेत वाकली नाही. मोरी थांबली.

प्रियदर्शनी तोंड उघडं टाकून बघत राहिली. पोरांना जे उभं राहणं शिकवायला तिला महिने लागत, ते हे होतं.

"मावशी, पवाय येतंय?"

"यायलाच पायजे की. म्हस पाण्यात बसली तर तिला भायेर कोन काडणार, माझा दादला?"

"मग ह्याच दोराला धरून पाण्यावर हुबं ऱ्हाणार काय?"

"मला येड लागलंय व्हय!" बनाबाई म्हणाली. पण तिची नजर बोटीकडे गेली. इतकी वर्षं रोज ती लांबून हे बघत होती. जरा वेळाने तिनेच विचारलं, "एकडाव बगू म्हंजे काय हुतंय ते?"

असा मी मोरीच्या गळ्यातून सुटलो. कोयता घरीच राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीची ट्रॅकपँट आणि वर जाकीट घालून बनाबाई काठावर आली. तिचा नवरा गुंडू बांधावरून ओरडला, "हे काय सोंग गं?" "सोंग न्हाय, ड्रेस हाय," तिने तिकडून ऐकवलं. बोटीने मला ओढलं. दोनदा ती नाकातोंडात पाणी जाऊन आपटली आणि तिसऱ्या वेळी दोन स्कींवर ताठ उभी राहिली. मी पुऱ्या लांबीचा सोडलेला होतो. कितीतरी वर्षांनी माझा पहिला फासा खांबाला लागला होता, आणि माझं सगळंच्या सगळं अंग कामाला आलं होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पण एक भानगड झाली. बनाबाई पडली की मला सोडायची नाही. या खेळात पडल्याबरोबर दोर सोडायचा, हा पहिला धडा. ती मात्र दोन्ही मुठी आवळून धरायची आणि बोट थांबेपर्यंत पाण्याखालून फरफटत जायची. मी तिच्या मुठीत असायचो, मला तिची बोटं कळायची. ती उघडतच नव्हती. एकदा तर ती इतका वेळ खाली राहिली की काठावरच्या उदयसिंहांचा चेहरा पांढरा पडला.

"उद्यापास्नं हे बंद," ते म्हणाले. "गट गेला उडत. बाईचा जीव जाईल."

प्रियदर्शनी जाऊन बनाबाईजवळ टेकली. स्पर्धेला अकरा दिवस उरले होते. बनाबाई टॉवेल पांघरून बसली होती आणि तिला फार ओशाळल्यासारखं झालं होतं.

"सोडत का न्हाईस, मावशी?"

"अगं, म्हशीचा दोर सोडला की म्हस उसात. मग दिसभर हुडका आणि वर शेजाऱ्याच्या शिव्या खा. तीस वर्सं हाताला त्येवडंच ठावं हाय. डोस्क्याला कळतंय बाई, हाताला कळंना."

प्रियदर्शनीने मला हातावर गुंडाळून घेतलं. मग म्हणाली, "उद्या ये. वळायचं न्हाय, पळायचं न्हाय. फकस्त सोडायचं."

दुसऱ्या दिवशी उदयसिंहांची समजूत काढून तिने बोट अगदी हळू चालवायला लावली. शिट्टी वाजली की बनाबाईने हात उघडायचे. पहिल्या तीन शिट्ट्यांना बोटं उघडलीच नाहीत. चौथ्या शिट्टीला एक हात सुटला. पाचवीला मी एकदम हलका झालो. बनाबाई जाकिटात बसल्यासारखी पाण्यावर राहिली आणि बोट पुढे निघून गेली. तिने घाबरून हाक मारली. तोवर बोट गोल वळली आणि सावकाश तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्या टोकाचा धरायचा दांडा, म्हणजे माझी मूठ, प्रियदर्शनीने पुन्हा तिच्या हातात दिली.

"बगितलंस? म्हस सुटली की जाती. बोट सुटली की येती."

बनाबाई खदखदून हसली. "आत्ता गं बया! मग हे आधी सांगायचं न्हाई?" त्या सकाळी ती मुद्दाम बारा वेळा पडली आणि बाराही वेळा तिने मला सोडलं. उदयसिंहांनी स्वतः बोटीत बसून आणखी तीनदा पाडून बघितलं. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "बरं. घ्या नाव."

स्पर्धेचा दिवस उजाडला. वारा सुटायच्या आत फेऱ्या उरकायच्या होत्या आणि त्याच वेळी डेअरीला दूध घालायचं असतं. म्हणून त्या दिवशी धार गुंडूने काढली. मोरीने त्याला लाथ घातली. तरी तो भिजल्या विजारीने, निम्मं गाव सोबत घेऊन काठावर आला. नवख्यांच्या संथ फेरीला मी चालतो, असं पंचांनी मला मोजून सांगितलं. माझी छाती असती तर फुगली असती.

आधी श्यामलाताई. दारातून आत, पहिला बोया वळल्या आणि धपकन पडल्या. एक गुण! बोटीत चढताना त्या दहावीचा निकाल लागलेल्या मुलीसारख्या हसत होत्या.

मग बनाबाई. मी ताणलो. दार आलं आणि ती बरोबर मधून आत शिरली. पहिला बोया झाला. काठावर गावाने एकच गिल्ला केला. दुसरा झाला, तिसराही झाला. चौथ्याकडे जाताना मी मध्येच सैल पडलो आणि लगेच हिसका बसला. ती पुढे झेपावून आपटली. मित्रांनो, तेव्हा तिच्या मुठी माझ्यावर घट्ट आवळल्या. ती जुनी पकड मी ओळखली आणि मला धडकी भरली. सोड गं बाई, सोड, असं मी मनातल्या मनात ओरडलो. आणि बोटं उघडली. एकेक करून नव्हे, दहाच्या दहा. मी रिकामा होऊन पाण्यावरून पुढे गेलो.

काठावरची माणसं पाण्याच्या कडेला धावली. पाण्यातून आवाज आला, "किती झालं रं?"

"तीन!" गुंडू सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

गट मान्य झाला. मग नव्या दोराला धरून प्रियदर्शनी निघाली. मी बोटीत वेटोळं करून पडलो होतो. मला त्या नव्याचा हेवा वाटायला हवा होता, पण वाटला नाही. पुऱ्या वेगाला सहा बोये झाले. एक फासा आखूड केला, सहा झाले. दुसऱ्या फाशाला ती चौथ्या बोयापर्यंत गेली. ती याहून चांगलं खेळलेली मी पाहिली आहे. पण कर्ण्यावरून तिचं नाव, महिला गट आणि तिचे गुण वाचून दाखवले, तेव्हा ती काठावर मटकन खाली बसली आणि टॉवेलात तोंड घालून रडली. बनाबाई तिची पाठ चोळत होती.

आठवड्याभरात रंगारी आला. "आधी ती पाल हाकला," उदयसिंहांनी फर्मावलं. महिलांच्या रकान्यात तीन नावं चढली. पुढच्या वर्षासाठी आत्ताच अकराजणींनी विचारलंय. त्यात इचलकरंजीच्या यंत्रमागावर पाळी करणाऱ्या दोघी आहेत आणि श्यामलाताईंची सूनही आहे. दर रविवारी सकाळी खुंटीवरून पहिल्यांदा मी निघतो. नवा दोर माझ्यानंतर.

परवा एक मुलगी थरथरत पाण्यात उतरली. बनाबाईने माझी मूठ तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "घट्ट धर. पडलीस की सोड. बोट येती."

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा सोबती नाही. मला उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. अंगावरचा एखादा धागा सुटला तर वेळेवर बघा. आणि काठावर कुणी नवीन येऊन, विचारू की नको करत उभं राहिलं, तर त्याला हाक मारा आणि मला पुऱ्या लांबीचा सोडा.