पहिली चौकट पेशंटची

मोतीबिंदू हिच्या डोळ्यात आणि ऑपरेशनचा झगा माझ्या हातात. आमच्या लेकीनं आणि जावईबापूंनी मिळून बनवलेल्या हॉस्पिटलच्या वेबसाइटची ही करामत.

हॉस्पिटलला फोन करून नाव नोंदवता आलं असतं. पण घरात दोन-दोन इंजिनियर असताना फोन करणं म्हणजे त्यांचा अपमान. म्हणून वेबसाइटवर पेशंटच्या चौकटीत हिचं नाव लिहिलं, सोबत येणाऱ्याच्या चौकटीत माझं, आणि बटण दाबलं. हिला हल्ली चहा कपात ओततेय की बशीत, तेही दिसत नाही. डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात आणि दुपारी निघून जातात.

काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावर पाहून पेशंट म्हणून मला हाक मारली. नोंद बदलल्याशिवाय हिला आत घेता येणार नाही आणि ती वेबसाइटवरूनच बदलते म्हणाल्या. माझ्यासारखे आणखी काही ठणठणीत नातेवाईक बाकावर बसलेले होतेच.

दोघांनाही फोन लावले, तेव्हा उलगडा झाला. लेक वेबसाइटचं दिसणारं पान बनवते, जावईबापू सर्व्हरवरची मेथड, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम लिहितात. चौकटींत भरलेलं त्या मेथडकडे जातं. मेथड चौकटीचं नाव बघत नाही, नुसता क्रम बघते. पहिला येईल तो पेशंट, दुसरा सोबती. लेकीनं पान सुबक दिसावं म्हणून चौकटींची अदलाबदल केली, पण नवऱ्याला सांगितलं नाही, कारण दोघांत अबोला. एकाच घरात, एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून अबोला. त्यांच्या शिक्षणासाठी केलेल्या खर्चाचं चीज झालं म्हणायचं.

जावईबापूंनी मेथडमधला क्रम उलटा केला. त्याच वेळी लेकीनं चौकटी पूर्ववत केल्या. दोघांनी मोठ्या अभिमानानं मला वेगवेगळं कळवलं. मी पुन्हा सगळं भरलं. पुन्हा पेशंट मीच.

आता मात्र माझी सटकली. तोंडाला येईल ते बोलणार, तेवढ्यात हिनं दोघांना एकाच कॉलवर घ्यायला सांगितलं. फोन घ्यायला तिनं हात पुढे केला, तो भलत्याच बाजूला. माझा राग कुठल्या कुठे गेला, नुसती भीती उरली.

"मला दिसत नसलं तरी ऐकू येतं," ही त्यांना म्हणाली. "आज झालं नाही, तर पुन्हा इथे यायचा धीर नाही माझ्यात."

पलीकडून लेकीचा आवाज आला. ती आमच्याशी बोलत नव्हती.

"आता पहिलं नाव कुणाचं धरतोस?"

"सोबत्याचं. तू चौकटी पहिल्यासारख्या केल्यास का?"

"हो. तू तुझंही पहिल्यासारखं कर."

"सांगायचंस ना मग."

"तू कुठे ऐकत होतास?"

थोड्याच वेळात जावईबापूंनी पुन्हा भरायला सांगितलं. मी भरलं आणि बाईंनी हिचं नाव पुकारलं. फोनवर दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. वैतागून मी कॉल बंद करायला गेलो, तर आत जाता जाता हिनं माझा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बोलतायत."