रविवारचा बार्लो

पास्टर क्लेबर्न यांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरतं, ऑर्गन त्यांच्या श्वासामागून धावू लागतो, तेव्हा मी डोळे मिटून घेतो. त्या रविवारी मिटले नाहीत. पुढच्या बाकावर आमच्या चर्चच्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई, म्हणून सगळ्यांच्या मदर, ओडेसा पांढऱ्या टोपीत बसल्या होत्या आणि त्यांच्या वडिलांचं गुपित माझ्या संगणकात पडून होतं.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी एका बेसबॉलच्या संगणक-खेळासाठी बर्मिंगहॅमच्या आमच्या कृष्णवर्णीय लोकांच्या जुन्या संघांच्या फायली दुरुस्त करतो. प्रत्येक खेळाडूला एक ओळ. तिच्यातल्या आकड्यांवरून खेळ अख्खा हंगाम पुन्हा खेळवतो. मदरच्या चौऱ्याण्णवाव्या वाढदिवसासाठी मी १९३८चा फर्नेस हिल संघ उभा करत होतो. त्यांचे वडील, चर्चचा कारभार पाहणारे डीकन एमोस टॉलिव्हर, त्या संघाचे डावखुरे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. देवाचा वार म्हणून रविवारी चेंडूला हात न लावणारा माणूस, असं आमच्या चर्चमध्ये त्यांचं नाव अजून घेतात.

पण माझा संघ फारच जिंकत होता. खरा संघ एकोणीस सामने हरला, माझा सहाच. म्हणून जुनी वर्तमानपत्रं पुन्हा चाळली. संघात आणखी एक डावखुरा होता, जे. बार्लो. टॉलिव्हर फक्त शनिवारी खेळे, बार्लो फक्त रविवारी. मग मदरच्या आईच्या अंत्यविधीची छापील पत्रिका काढली. तिचं माहेरचं आडनाव बार्लो. म्हणजे डीकनच रविवारी बायकोच्या आडनावाने खेळत; एकाच दमलेल्या माणसाला मी दोन ताजे हात देऊन बसलो होतो.

माझी बायको व्हर्लीन म्हणाली, दोन ओळी आहेत तशा राहू देत, डीकनची अब्रू काढून तुला कोण पदक देणार आहे? तिचंही खरं होतं. पण खोट्या हंगामाची भेट त्या बाईच्या हातात ठेवायला माझं मन होईना.

प्रार्थनेनंतर जेवणाच्या हॉलमध्ये मी त्यांच्याशेजारी बसलो आणि बार्लो कोण, असं विचारलं. त्यांनी गोड पीच कॉब्लरचा चमचा खाली ठेवला.

"कुणी सांगितलं तुला?"

"आकड्यांनी, मदर."

"सोमवारी वडिलांच्या मोज्यांची लाल माती निघता निघत नसे," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, बागेतली आहे. आमच्याकडे बाग नव्हती, लेम्युएल."

मी विचारलं, दोन्ही ओळी ठेवू का? कुणाला कळणार नाही.

"एकच कर. आणि दमलेला दाखव त्याला. सोमवारी त्याला डाव्या हाताने कपसुद्धा उचलवत नसे. आठ पोरं होतो आम्ही, रविवारच्या सामन्याचे पैसे लागायचे. देवाला ते ठाऊक होतं, चर्चला सांगायची त्याची छाती झाली नाही."

मी ओळी एक केल्या. संघ हरू लागला, अगदी खऱ्यासारखा.

वाढदिवसाला हॉलच्या भिंतीवर आम्ही प्रोजेक्टरने ऑगस्टमधल्या एका रविवारचा सामना लावला. बार्लोच्या जागी नाव आलं एमोस टॉलिव्हर. मागे कुणीतरी कुजबुजलं, मदरनी मान वळवून पाहिलं, कुजबुज थांबली. सहाव्या डावात त्यांचे वडील पाच धावांनी मागे होते.

"काढ रे त्याला आता," मदर म्हणाल्या.

"वर्तमानपत्रात ते नऊही डाव टाकतात, मदर."

त्यांनी स्वतःचा डावा खांदा हाताने धरला.

"मग टाकू दे," त्या म्हणाल्या, आणि शेवटचा गडी बाद होईपर्यंत गुणगुणत राहिल्या.