नुसती तार

मला जगाशी बोलायचं नव्हतं. मला फक्त लवूशी बोलायचं होतं. टेलिफोन ऑफिसातल्या कारकुनाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं चष्म्यावरून असं काही पाहिलं की शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट उगाच खोकायला लागली. मी मुळात तापट बाई. पिशवी त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हणाले, "लवू आमचा जेटीवरचा माणूस आहे. पन्नाशी उलटलेला, चार मुलांचा बाप. आमचा बर्फाचा कारखाना आहे. आता लिहून घ्या."

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. आमचा कारखाना वर, नाचणे रोडला आणि मासळी उतरते ती खाली मिरकरवाड्याच्या जेटीवर. लाँची येताना दिसल्या की लवूनं सायकल मारत चढ चढायचा, दारात येऊन "वयनी, आल्या" एवढं कसंबसं म्हणायचं आणि मटकन बसायचं. मग आम्ही लाद्या फोडायच्या, टेम्पो भरायचा आणि खाली पळवायचा. तोवर बांगडा उन्हात पडलेला. बर्फ आधीच फोडून ठेवावा म्हटलं तर आमच्या हवेत त्याचं तासाभरात पाणी होतं.

गेल्या हंगामात असा तीनदा उशीर झाला. सात लाँचींचा पुढारी काशीराम घरी येऊन चहा प्यायला आणि कप खाली ठेवताना म्हणाला, "सावित्रीबाय, नारळी पुनवेनंतरच्या पयल्या मासळीला तुझा बर्फ आमच्या आधी जेटीवर दिसला पायजे. नाय दिसला तर आमी दुसरा कारखाना बघू. राग मानू नको." मी राग मानला, पण चूक त्याची नव्हती.

आमचे हे जहाजावर. वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने सल्ले द्यायला घरी. त्यांचं पत्र आलं की काशीरामच्या लाँची गेल्या तर कारखाना विकून टाकू. घाटकोपरला भावाच्या शेजारी खोली घेऊन ठेवली आहे, तू तिकडं राहायला जा. ती खोली मी पाहिली होती. खिडकी उघडली की समोरच्यांची डाळ शिजलेली दिसते. मला तिथं जायचं नव्हतं. कारखान्याची धडधड कानावर असल्याशिवाय मला घास गिळवत नाही. हे मी कुणाला सांगत नसे, पण खरं होतं.

तर टेलिफोन ऑफिस. नंबर हवा तर रांग सात वर्षांची, असं कारकून म्हणाला. सात वर्षांत मासळीचं काय करू, असं मी विचारलं, जरा मोठ्यानंच. तेव्हा आतल्या खोलीतून इंजिनियर साहेब बाहेर आले. पुण्याकडचे होते, बारीक, उत्साही.

"बाई, तुम्हाला एकाच माणसाशी बोलायचंय ना?"

"एकाच."

"कायम त्याच?"

"आता तुम्हीही सुरू करू नका," मी म्हणाले.

साहेब हसले नाहीत. उलट त्यांचे डोळे लकाकले. "मग तुम्हाला नंबर कशाला हवा? तुमच्या कारखान्यापासून जेटीपर्यंत तांब्याच्या दोन तारा ओढून देतो. एक्स्चेंजशी संबंध नाही, डायल नाही, उचलल्यावर गुणगुणणारा टोन नाही. इकडं हँडल फिरवलं की तिकडं घंटा वाजेल. नुसती तार. नियमात आहे, पण मी इथं आल्यापासून कुणी मागितलीच नाही." त्यांनी कपाटाच्या तळातून फॉर्म काढला आणि फुंकर मारली. सगळी धूळ कारकुनावर उडाली. बिचाऱ्यानं नंबराच्या रकान्यात 'नको' लिहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "नक्की नको?" त्याच्या आयुष्यात नंबर नको म्हणणारी मी पहिलीच असणार.

जुलै संपता संपता तार लागली. कारखान्यातली माणसं हात पुसून ओळीनं फोन कानाला लावून गेली आणि प्रत्येकाचा चेहरा उतरला. लाद्यांना भुसा लावणारी चिमा तर हळहळलीच. "बाय, आतमदी कोण नाय हो." मी हँडल फिरवलं. खाली घंटा वाजली असणार, कारण लगेच लवूचा आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

त्या तारेवर माझ्याशिवाय दुसरं कोणी बोलूच शकत नव्हतं. तरी तो पहिल्या दिवशी चौदा वेळा "कोण बोलतंय" म्हणाला. चौदा वेळा, कारण मी चौदा वेळा फोन केला. काही काम नव्हतं. मला वेड लागलं होतं, झालं. "लवू, समुद्र आहे का जागेवर?" "हाय, वयनी." "बघून सांग." तो खरंच बाहेर जाऊन बघून आला.

नारळी पौर्णिमा झाली. लाँची बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या कधीही परतणार होत्या. मी सकाळपासून टेम्पो दाराशी लावून ठेवला, माणसं हातोडे घेऊन उभी केली आणि दर अर्ध्या तासानं लवूला फोन करत राहिले. साडेदहाला फोन उचलला आणि कानात टोन आला.

भरघोस, गोल, अखंड टोन. चिमानं माझा चेहरा पाहिला, फोन घेतला, ऐकला आणि ती ओरडली, "जित्ता झाला गो बाय." तेवढ्यावर सगळा कारखाना धावत आला. माणसं टाळ्या पिटायला लागली. एकजण पेढे आणायला निघालासुद्धा. सात वर्षांची रांग, आणि आपल्याला फुकट टोन मिळाला म्हणून त्यांना आनंद मावेना. मला मात्र घाम फुटला. आमच्या तारेवर टोन म्हणजे ती एक्स्चेंजला जोडली गेली, आणि एक्स्चेंजला जोडली गेली म्हणजे लवूपासून तुटली. हँडल फिरवलं. टोन गेला, परत आला. खाली कोणी उचललं नाही.

मग मी त्या टोनला शिव्या दिल्या. मेल्या, तुला कोणी बोलावलं, तुझं तळपट होवो, असं बरंच. आणि टोनच्या आतून एक दबका आवाज आला, "बाय, शिव्या कशाला? कालपासून खपतोय मी तुमच्यासाठी."

"कोण बोलतंय?" आता मीही तेच विचारलं.

"भागोजी. लाइनमन. खांबावर हाय." मग खट्ट झालं, टोन बंद पडला आणि त्याचा आवाज स्वच्छ येऊ लागला. रोज सकाळी एकेका रस्त्यावरच्या पेटीतल्या तारांच्या सगळ्या जोड्यांना तो फोन लावून ऐके. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकही जोडी मुकी ठेवली नव्हती. काल आमची मुकी सापडली. त्यात तक्रारही नाही, म्हणून त्याला आणखीच वाईट वाटलं. गरीब माणसं असतील, बोलत नसतील. एक डॉक्टर गाव सोडून गेले होते, त्यांचा टोन त्यानं आमच्या तारेला जोडून दिला आणि जेटीकडच्या तारा सोडवून ठेवल्या.

"भागोजी, ती मुकीच असते. मुकीच हवी."

"टोनसाठी लोक पाया पडतात माझ्या," तो दुखावून म्हणाला.

"मीही पडते, पण आधी तो काढ. मला जेटीवरच्या माणसाला विचारायचंय लाँची आल्या का."

मग भागोजी म्हणाला, "त्याला कशाला विचारता? मी उताराच्या वळणावर हाय. सगळा दर्या दिसतोय हितून. किल्ल्याच्या पल्याड तीन लाँची हायत. थांबा, चार. जेटीवरनं अजून दिसायच्या नायत त्या."

मी फोन टेबलावर तसाच टाकला आणि "फोडा" म्हणून ओरडले. हातोडे पडायला लागले. बर्फाचे तुकडे चिमाच्या केसांत, माझ्या पोलक्यात, कुणाच्या चहात. टेबलावर भागोजी एकटाच बोलत होता, "पाच. सहा. सातवी जरा मागं हाय, पण येतेय." मी चप्पल न घालता टेम्पोत चढले.

वळणावर भागोजी खांबाला बिलगून हात हलवत होता. मीही हलवला. पुढं उतारावर लवू दिसला, लालबुंद, सायकलवर उभा राहून चढ ओढत. त्याच्या फोनवर कोणी उत्तर देईना म्हणून लाँची दिसताच बिचारा निघाला होता. टेम्पोतला बर्फ पाहून तो सायकलसकट गटारात गेला. त्याला आणि सायकलला दोघांनाही बर्फावर घातलं आणि तसेच खाली उतरलो.

पहिल्या लाँचीनं दोर फेकला तेव्हा जेटीवर बर्फाचा ढीग होता आणि ढिगापुढं मी अनवाणी उभी होते. काशीराम खाली उतरला. त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बर्फ काढला आणि तोंडावर चोळला. "आमी किल्ला वळसून आलाव तर तू आधीच हितं," तो म्हणाला. "शिमग्यानंतरसुद्धा तुझाच बर्फ. मे म्हयन्यापर्यंत." मला काहीतरी रुबाबात बोलायचं होतं, पण हसू आलं आणि थांबेना. लवूही हसायला लागला आणि मग काशीरामची सगळी माणसं, कशाला हसतोय ते ठाऊक नसताना.

दुपारी ह्यांना पत्र लिहायला बसले. हातातला गारठा गेला नव्हता, अक्षर वेडंवाकडं आलं. सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं होतं, पण शेवटी दोनच ओळी लिहिल्या. घाटकोपरची खोली भाऊजींना भाड्यानं लावू द्या. मला इथं काम आहे.