कठड्यावरची उडी

वायरलेसवर खालून निरोप आला की दुसरा पोरगाही पोचला आणि मार्ग ठीक आहे म्हणतोय. शर्यत जिथून सुटते त्या डोंगरमाथ्यावरच्या लाकडी खोपटात कोर्बिनियानने ते ऐकलं, नुसतं हुं केलं आणि खाली बसून बुर्गीच्या स्कीच्या कडांवरून अंगठा फिरवला. आता तिची पाळी होती.

शर्यत सुरू व्हायला अठरा मिनिटं उरली होती. खाली गावात लाऊडस्पीकर गरजत होता, आठ हजार माणसं आली होती आणि त्यांनी हातात धरून वाजवलेल्या गाईंच्या घंटांचा आवाज थंड हवेतून थेट डोंगरमाथ्यापर्यंत येत होता. स्पर्धकांच्या आधी तिघांना पूर्ण उतारावरून सोडतात. वाट नीट आहे ना, घड्याळ चालतंय ना, कॅमेरे वेळेवर वळतायत ना, हे त्यांच्यावरून कळतं. खोऱ्यात त्यांना ‘पुढचे’ म्हणत. त्यांची वेळ घड्याळात येते, पण फलकावर लागत नाही आणि कुणाला सांगायचीही नसते. पुढचे बहुतेक सोळा-सतरा वर्षांचे असतात. दोन हिवाळे हे काम करतात, मग संघात जातात किंवा नाद सोडून देतात. बुर्गी ग्रूंडलर चौतीस वर्षांची होती आणि तिचा हा अकरावा हिवाळा होता.

एके काळी तीही संघात होती. पुरता एक हिवाळा. विसाव्या वर्षी एका परक्या डोंगरावर उडी लांबली, ती सपाटीवर येऊन आदळली आणि उजवा गुडघा गेला. दोन वर्षांनी तोच गुडघा पुन्हा गेला. संघाने आभाराचं पत्र पाठवलं. तेव्हापासून ती खोऱ्यातली शाळेची बस चालवत होती. घाटातल्या वळणांवर ती इतक्या बेताने चालवायची, की मागे अडकलेले ट्रॅक्टरवालेसुद्धा हॉर्न वाजवत. तिला त्याचं काही वाटत नसे. जोरात जायला तिच्याकडे वर्षातला एक दिवस होता, आणि तो हा.

खोपटाच्या मागच्या बाजूला सिटा थालर पाय आपटत उभी होती. वीस वर्षांची, या खोऱ्यातली, आज पहिल्या क्रमांकावर सुटणारी. आठ वर्षं ती बुर्गीच्याच बसने शाळेत गेली होती.

"बुर्गी, आज तरी बसपेक्षा जोरात जा गं," ती म्हणाली.

"चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं," बुर्गी मागे न वळता म्हणाली. खोपटातले सगळे हसले. सिटाही हसली, पण तिचे दात वाजत होते आणि ते नुसत्या थंडीने नव्हते, हे बुर्गीला कळलं.

कोर्बिनियान तिच्या अगदी कानाशी आला. संघातल्या त्या एका हिवाळ्यात तोच तिचा प्रशिक्षक होता. आता निवृत्त झाला होता आणि शर्यतीच्या दिवशी सुरुवातीचं फाटक सांभाळायचा.

"गुरुवारी सरावाला बर्फ मऊ होता," तो हळूच म्हणाला. "काल रात्री उणे सतरा झालं. आता सगळी काच आहे. वारासुद्धा पाठीवर फिरलाय. ती दोन पोरं कठड्याच्या आधी वाकणं सोडून अंग सरळ करून उभी राहिली असणार, लिहून देतो. उभं राहिलं की वेग मरतो. मग त्यांना ठीकच वाटणार."

"मग?"

"तू उभी राहू नकोस."

उताराच्या निम्म्याखाली जमीन चर्चमधल्या प्रवचनाच्या कठड्यासारखी पुढे येते आणि एकदम तुटते. तिथून उडी पडते. उडी बेताची असेल तर माणूस पुढच्या तिरक्या उतारावर अलगद टेकतो. पण तो उतार साठेक मीटरच आहे. त्याच्यापुढे सपाटी.

बुर्गीने काठ्या फाटकाबाहेर रोवल्या. कोर्बिनियानने तिच्या खांद्यावर थाप मारली आणि घड्याळाने पाच ठोके मोजले.

ती सुटली. पहिल्या चार ढांगांत स्कीखाली खरखर ऐकू आली आणि तिला कोर्बिनियानचं म्हणणं पटलं. कडा बर्फात शिरतच नव्हत्या, नुसत्या त्याच्यावरून ओरखडत होत्या. तिने गुडघे छातीशी घेतले, मुठी हनुवटीपुढे धरल्या आणि अंगाचं मुटकुळं करून वाऱ्याला सोपवलं. पहिला लांब वळसा डावीकडे. बाहेरच्या पायावर भार टाकताच सगळा पाय मांडीपर्यंत थरथरला, पण कड धरली. धरली म्हणजे काय, सोडली नाही इतकंच. जंगलातल्या सावलीत ती शिरली तेव्हा डोळ्यांपुढे फक्त बर्फावर आखलेल्या वाटेच्या निळ्या रेघा उरल्या. त्या रेघा रंगवणारी माणसं ओळखीची होती, प्रत्येक वळण अकरा वर्षांच्या ओळखीचं होतं, आणि तरी आज सगळं एक क्षण आधी येत होतं. ती विचार करायची तोवर शरीर वळून गेलेलं असायचं. अंगात असं काही उसळत होतं, जे तिला विसाव्या वर्षानंतर आठवत नव्हतं. आपण हेल्मेटच्या आत हसतो आहोत, हे तिला मध्येच जाणवलं.

सावली संपली. कठडा समोर आला.

सवयीने तिचे खांदे वर यायला लागले. तिने ते खाली दाबले.

जमीन गेली. आवाजही गेला. खाली माणसं, जाळी, तिरका उतार सरकत होता आणि सरकतच राहिला. टेकायची निळी रेघ तिच्या पायाखालून निघून गेली, आणि ती अजून हवेतच होती. पुढे सपाटी पांढरीशुभ्र दिसत होती. आता फार झालं, असं तिला शांतपणे वाटलं. तिने स्की समोर दाबल्या, हात पसरले आणि उतार संपायला चारेक मीटर उरले असताना ती खाली आली. ढुंगण स्कीला टेकलं. गुडघा कळवळला. डावी स्की उचलली गेली आणि एका पायावर ती तशीच सपाटीवरून सुसाटली. मग दुसरा पाय कसा कोण जाणे परत आला. शेवटची तीन वळणं तिने कशी घेतली हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

शेवटच्या लाल रेषेपलीकडे ती थांबली, तेव्हा लोकांनी पुढच्यांसाठी वाजवतात तेवढ्या टाळ्या वाजवल्या. फलक कोरा होता. बुर्गी धापा टाकत थेट कुंपणाशी गेली आणि तिथल्या माणसाच्या हातातला वायरलेस घेतला.

पंचमंडळाची मुख्य रेगुला इंग्लिन नावाची स्विस बाई होती. कडक, पण कान बंद ठेवणारी नव्हे. ती तिथेच दहा पावलांवर होती, तरी नियम म्हणून दोघी वायरलेसवर बोलल्या. बुर्गीने सांगितलं की कठडा आज फार लांब फेकतोय, शर्यत थांबवा. इंग्लिनबाई म्हणाल्या की आधीच्या दोघांनी ठीक सांगितलं आहे. बुर्गी म्हणाली की ते दोघं आधी उभे राहिले, त्यांना विचारा. विचारलं. एक पोरगा आपल्या बुटाची पट्टी चाचपू लागला, दुसऱ्याने कान लाल करून मान डोलावली.

"तूच उडी दाबून आखूड केली नसशील," इंग्लिनबाई म्हणाल्या. "कठड्यावरचा माणूस सांगतोय की तू फार मोकळी गेलीस. तुझी चूकही असू शकते. सहा मिनिटांत थेट प्रक्षेपण सुरू होतंय. वर पहिली मुलगी फाटकात येतेय."

आजूबाजूची माणसं बुर्गीकडे बघत होती. त्यातल्या निम्म्यांनी तिला रोज सकाळी बसच्या काचेतून पाहिलेलं होतं. चूक झाली असेल, म्हणून मान खाली घालणं सोपं होतं. आयुष्यभर ती अशा ठिकाणी गप्पच बसली होती.

"चूक असती तर मी पडले असते," ती म्हणाली. "मी बरोबर गेले. म्हणून तर सांगतेय. जी बरोबर जाईल, आणि माझ्याहून जराशी जोरात, ती सपाटीवर उतरेल." आणि मग ती अहोजाहो विसरली. "रेगुला, तू वर चल. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

इंग्लिनबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि स्नोस्कूटर मागवली. बुर्गी मागे बसली.

काच झालेल्या बर्फावर तिच्या उतरण्याच्या दोन खोल खुणा स्पष्ट होत्या. निळी रेघ तिथून कितीतरी वर राहिली होती. इंग्लिनबाईंनी टेप लावायला सांगितला, आकडा ऐकला आणि पुन्हा मोजायला लावला. मग खुणांपासून सपाटीपर्यंतचं अंतर त्या स्वतः पावलांनी चालल्या. पाचवं पाऊल सपाटीवर पडलं. त्यांनी तोंडापुढे वायरलेस धरला आणि शर्यत चाळीस मिनिटं पुढे ढकलली. कठडा छाटायचा, आणि त्याच्या वरचं वाटेतलं फाटक, ज्याच्या दोन झेंड्यांमधून जावंच लागतं ते, आठ मीटर आत घ्यायचं, म्हणजे वेग आधीच थोडा तुटेल.

खाली लोकांनी हुर्यो केली. लाऊडस्पीकरने कारण सांगितलं, पण कुणी सुचवलं ते सांगितलं नाही. वीस माणसं फावडी घेऊन कठड्यावर तुटून पडली. बुर्गीनेही एक फावडं घेतलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण नुसतं उभं राहवत नव्हतं. गुडघा सुजू लागला होता आणि मनात एकच विचार होता. छाटून झाल्यावर सगळ्या जणी रेघेच्या कितीतरी अलीकडेच टेकल्या तर? मग खोरंभर होईल, की बसवाल्या बुर्गीने घाबरून कठड्याचं नाक कापलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी शर्यत सुरू झाली. बुर्गी जाळीमागे उभी राहिली. जंगलातून सिटाचा लाल पोशाख निघाला आणि जवळ येता येता तिच्या स्कीचा आवाज मोठा होत गेला, जाडं कापड फाडत आणल्यासारखा. पोरगी उभी राहिली नाही. तसूभरही नाही. छाटलेल्या कठड्यावरूनही ती अशी उडाली, की जाळीपाशी उभ्या असलेल्या माणसांनी एकदम श्वास घेतला. निळी रेघ तिच्याखालून गेली. बुर्गीची मूठ जाळीत रुतली. सिटा रेघेच्या बऱ्याच पुढे, पण उतारावर टेकली, जराशी हलली, पुन्हा मुटकुळं झाली आणि वळणाआड गेली.

शेजारी इंग्लिनबाई उभ्या होत्या. त्यांनी थर्मासचं झाकण भरलं आणि बुर्गीपुढे धरलं. चहात रम होती.

पुढचा तासभर खोरं नुसतं घुमत होतं. सिटाची वेळ सहावी मुलगी सुटेपर्यंत टिकली. मग एका इटालियन मुलीने ती मोडली, मग एका नॉर्वेच्या मुलीने, आणि सतरावी आली ती एक मिनिट एकोणचाळीस पूर्णांक एकतीस शतांश सेकंदांत. तीच जिंकली. सिटा चौथी आली. तिसरीच्या मागे तीन शतांश.

खाली कुंपणाशी तिने बुर्गीला गाठलं. गॉगल वर केलेला, डोळे भरलेले, गाल रागाने तापलेले.

"तू वरचं फाटक आत घ्यायला लावलंस," ती म्हणाली. "मी तिथं सरळ जाणार होते. जुन्या वाटेनं मी जिंकले असते. माझ्या गावात, बुर्गी."

"असतीसही."

"मग का केलंस?"

बुर्गीने तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षांची, दोन्ही गुडघे धड, आणि रागाने बर्फात पाय आपटतेय.

"रागव तू," ती म्हणाली. "सोमवारी घरी ये आणि परत रागव. माझी ना नाही."

सिटाने तोंड फिरवलं, दोन पावलं गेली, मग परत येऊन तिच्या खांद्यावर कपाळ टेकवलं आणि पत्रकारांकडे निघून गेली.

चार वाजेपर्यंत माणसं ओसरली, पण फलकावर जिंकणारीची वेळ अजून तशीच होती: एक, एकोणचाळीस, एकतीस. लाऊडस्पीकरच्या वायरी गुंडाळायला सुरुवात झाली होती. घड्याळवाल्यांच्या लाकडी केबिनमध्ये गोटफ्रीड एकटाच यंत्रं आवरत होता. शाळेत तो बुर्गीच्या वर्गात होता, तेव्हाही असाच नियमाने वागणारा. तिने बाहेरून काचेवर टकटक केली आणि आपली वेळ विचारली. आडपडदा न ठेवता, सरळ विचारली.

त्याने नकारार्थी मान हलवली. पुढच्यांची वेळ सांगायची नसते, हे तिलाही माहीत होतं. शिवाय त्याचा उपयोग तरी काय, तो काचेआडून म्हणाला. फाटक हललं, कठडा छाटला. "कुणाशी ताडून बघणार? तू आलीस त्या वाटेनं दुसरं कुणी आलंच नाही."

"ताडायचं नाहीये," ती म्हणाली. "मला नुसतं बघायचंय."

गोटफ्रीडने हातातली वायर खाली ठेवली. मग त्याने केबिनचं दार लागलेलं आहे ना ते पाहिलं, जवळ आला आणि काचेवर तोंडाने वाफ सोडली. त्या धुरकट गोलात त्याने बोटाने आकडे काढले. ते आतून काढलेले होते, त्यामुळे तिला उलटे दिसत होते. तिने एकेक करून लावले. एक. एकोणचाळीस. शून्य आठ.

तिने ते दुसऱ्यांदा वाचले. काच थंड होती आणि वाफ एका कडेकडून विरत चालली होती. आधी एक गेला, मग एकोणचाळीसमधला तीन. बुर्गीने हातमोजा काढला, पण काचेला हात लावला नाही. शेवटचा आठ जाईपर्यंत ती तिथे उभी राहिली, मग गोटफ्रीडला मान लववून तिने स्की खांद्यावर घेतल्या.